पोर्टची गोडी

रायस्वाइक,
नोव्हेंबर २००६

प्रिय लतिका,

मागच्या आठवड्यात तुझ्या सारंगला पुन्हा जेवायला बोलावलं होतं. अजून तो तुझा झालेला नाही, पण इकडे सगळ्यांनी ते धरूनच चाललंय. मुलगा खरंच सालस आहे. राघवच्याच ऑफिसात आहे, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो आणि तुझा फोटो पाकिटात घेऊन हिंडतो. त्याच्यात खोट काढायला बसले तर मलाच पाप लागेल. पण बोलता बोलता त्यानं त्याच्या आईचं म्हणणं सांगितलं. लग्न जानेवारीत, आणि तुझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष 'तिकडे गेल्यावर करेल की'. माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. माझ्या लग्नात हेच वाक्य माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या आणि आपल्या आईबाबांनी मान डोलावली होती.

तू विचारतेस, मी त्या म्युझियममध्ये करते काय. रॉटरडॅमला कालव्याकाठी एका जुन्या वाइन-व्यापाऱ्याचं गोदाम आहे. बुधवारी आणि शनिवारी तिथे येणाऱ्यांना मी इंग्रजीतून पोर्ट वाइनचा इतिहास सांगते. हसू नकोस. द्राक्षासवाचा चमचा घेतानाही नाक धरणारी तुझी ताई तिथे पिंपांच्या रांगेत उभी असते! पोर्तुगीजांच्या मद्यव्यापारावरची पीएच.डी. अर्धी टाकून आले, त्यातलं उरलंसुरलं इथे कामी येतं. राघव त्याला 'मेधाचा टाइमपास' म्हणतो. प्रेमानं म्हणतो, तेच तर अवघड आहे.

गोष्ट तशी रंगते. इंग्रजांचं फ्रान्सशी वाजलं की फ्रेंच वाइन मिळेनाशी व्हायची, मग व्यापारी पोर्तुगालकडे धावायचे. तिथली वाइन बोटीत खराब होई, म्हणून ते तिच्यात ब्रँडी घालू लागले. ब्रँडी म्हणजे डचांची 'जाळलेली वाइन', वाइन उकळून काढलेला अर्क, आणि ती जगभर विकण्यात हे लोक पटाईत. पोर्तुगीजांच्या मदेइरा बेटावरची वाइनची पिंपं तर जहाजाच्या पोटात उकडत हिंदुस्थानपर्यंत जायची आणि परत यायची. असं फिरून आलेलं पिंप चढ्या भावानं खपायचं. आपल्याकडे परदेशातला मुलगा खपतो तसंच, असं मी म्हटलं की डच म्हातारे खो खो हसतात. मीही हसते.

पोर्टची खरी मेख मात्र वेळेत आहे. द्राक्षाचा रस अर्धा आंबला की त्यात ब्रँडी ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड. गेल्या शनिवारी एका बाईनं विचारलं, ब्रँडी घातलीच नसती तर? रस त्याच्या मनानं शेवटपर्यंत आंबला असता, असं मी सांगायला लागले आणि पुढे मला बोलवेना. इथल्या मराठी मंडळात मला सगळे गोड म्हणतात गं. सासूबाई तर नात्यात सगळ्यांना सांगतात, आमची मेधा फार गोड. मला एकदम इतका राग आला की मी तिथल्याच एका पिंपाला टेकून उभी राहिले. त्या बाईनंच मला पाणी आणून दिलं.

पोर्तुगालात, पोर्तो शहराच्या दफ्तरखान्यात वर्षभर बसले असते तर प्रबंध पुरा झाला असता. माझ्या सरांनी तिथे सोयही लावली होती. पण इथे सलग पाच वर्षं काढली तर कायमचं राहता येतं, आणि मध्येच इतके दिवस बाहेर गेलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. राघव म्हणाला, तेवढी पाच वर्षं होऊ दे. सरांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. राघव काही चुकीचं बोलला नाही. दाराला कुलूप नाही, माझ्याकडे सायकल आहे, ट्रामचा पास आहे. तरी दुपारी खिडकीशी उभी राहिले की कोंडल्यासारखं होतं. ओरडू तरी कुणावर? सगळेच चांगले आहेत.

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, ताई, हो म्हणू ना? तेव्हा आमटी करपतेय म्हणून मी उठले. आमटी नव्हतीच. आमचा रविवारचा फोन स्पीकरवर असतो, शेजारी राघव, त्या दिवशी तर सारंगही होता. तू रविवारची घरी आलेली, तुझ्या शेजारी आई. लग्न झाल्यापासून तुझ्याशी एकटीनं बोलायला मिळालेलं नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या हॉस्टेलच्या पत्त्यावर. लतू, आधी परीक्षा दे. सारंगला थांबायला सांग. तो चांगला आहे, तर थांबेल. आता तू फोनवर पुन्हा विचारशील आणि सगळ्यांसमोर मी म्हणेन, हो म्हण, शिक्षण काय, इथेही होतं. अगदी गोड आवाजात म्हणेन. मला माझी खात्री आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस.

तुझीच,
मेधाताई