चौकटीवरची निळी खूण

प्रिय क्ले,

आणि फोन मी आपटला नाही, तो कट झाला. बरं, आपटला. पण त्याआधी तू काय बोललास ते आठव. थँक्सगिव्हिंगचा दिवस, मागे आई भांडी घासतेय, बाबा टीव्हीसमोर घोरतायत, आणि तू मला सांगतोस की विल्बर्न कॉलेजची फुटबॉल टीम भाड्याच्या पोरांनी बुडवली, आपला हिरवा शर्ट आता कुत्रंही हुंगत नाही. आठ जानेवारीच्या आत कॉलेजची फी भरायची आहे, ती भरली नाही तर कॉलेजातून नाव जाणार आणि टीममधूनही जाणार, आणि तू ती भरणार नाहीस. शेवटचं वर्ष न खेळता सगळं सोडून इकडे टेक्सासला माझ्याबरोबर तेलाच्या विहिरीवर कामाला येणार. वर म्हणालास, "तुझं बरंय ऑरिन, तू मजेत आहेस." त्यावर आपटला. फोनवर मला तुझ्याशी बोलता येत नाही, तू मध्ये तोंड घालतोस. म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, दहावीच्या वर्गातून उठलेल्या माणसाचं अक्षर असंच असतं.

मजेत म्हणशील तर एका पत्र्याच्या खोलीत आम्ही सहाजण झोपतो, आणि सहाजणांची सहा कॉलेजं आहेत. म्हणजे शिकलेलं कुणीच नाही, पण शनिवारी प्रत्येकाची एकेक टीम असते. आमचा मुकादम हॉलिस इथलाच, बोलायला लागला की ऐकवत नाही. "कुबिक, ती तुमची विल्बर्न कुठेशी आली रे? नकाशात दाखव बघू." मग म्हणतो, "आमच्या आज्याच्या वेळी तुमच्याशी मॅच असली की लोक आदल्या दिवशीच चर्चला जाऊन यायचे. आता आमची पोरं त्या आठवड्यात सरावाला दांडी मारतात." सगळे हसतात. या वर्षी पाच जिंकल्या, सात हरल्या. मग खोलीत त्याचं कारण शोधणं सुरू होतं. हॉलिस म्हणतो, टीव्हीच्या पैशासाठी तुम्ही जुनी लीग सोडली, आता दोन हजार मैल उडत जाऊन अशा कॉलेजांशी खेळता ज्यांचा तुम्हाला धड रागही येत नाही. आचारी बेनिशियो म्हणतो, थंडी. "पैसे घेऊनच खेळायचं असेल तर कोण शहाणा नेब्रास्कात गोठायला जाईल? मी नसतो गेलो, आणि मला तर कुणी बोलवतही नाही." तिसरा म्हणतो, बारा वर्षांत पाच कोच बदलले. सगळ्यांचं थोडंथोडं खरं आहे. मी खाटेवर पडून ऐकत असतो. या खोलीत त्यातलं एक कारण नीट माहीत असलेला मी एकटाच आहे.

आपल्याकडे विल्बर्नच्या हंगामाची तिकिटं दोन. आजोबांनी घेतलेली, एकेचाळिसावी रांग, ती सोडली तर परत मिळायची नाहीत म्हणून बाबांनी दुष्काळाच्या वर्षीसुद्धा गाय विकून पैसे भरले. दोन तिकिटं, म्हणजे बाबा आणि एक पोरगा. आठ वर्षं तो पोरगा मी होतो. तू दारात उभा राहून रडायचास, आई तुला रेडिओ लावून द्यायची. मला तुझी दया येत नव्हती, खरं सांगतो, बरं वाटायचं. पहाटे निघायचं, वाटेत पेट्रोल पंपावर एक कॉफी दोघांत, आणि मग स्टेडियमात तो सबंध हिरवा डोंगर माणसांचा. तेव्हा आपण हरायचो तर लोक गाडीत बसून एकमेकांशी बोलत नसत, कुणी गेल्यासारखं. बाबा मला चेंडूकडे बघू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "चेंडू घेऊन पळणारा कुठूनही आणता येतो. पुढची फळी बघ. ती समोरच्यांना ढकलते म्हणून हा पळतो." ती फळी आपल्याकडची असायची. मक्याच्या शेतावरची, डुकरं सांभाळणारी, गवताचे गठ्ठे फेकून खांदे रुंद झालेली पोरं. निम्म्यांना स्कॉलरशिपही नसायची, पदरचे पैसे भरून यायची, वॉक-ऑन म्हणून, तुझ्यासारखी. चार वर्षं सरावात मार खायची आणि पाचव्या वर्षी कुणाच्या बापाच्याने हलत नसत.

आणि ती शोधून आणायचे प्रोचास्का. फळीचे कोच. तुला त्यांच्याबद्दल मी काय सांगायचं. हिवाळ्यात जुनी गाडी घेऊन गावोगाव हिंडायचे. फोन करून यायचे नाहीत, फोन केला की आया घर आवरून ठेवतात म्हणे. सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात. पोराचा खेळ त्यांनी आधीच बघितलेला असायचा, घरी यायचे ते चौकट बघायला. आपल्याकडे प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा असतातच. त्या खुणांवरून हात फिरवत सांगायचे, हा अजून दोन इंच वाढेल, हा संपला. मग कॉफी, आणि घरातलं माणूस जे सांगेल ते शेवटचं. नाही म्हटलं तर टोपी घालून निघायचे, परत विचारायचे नाहीत. एखाद्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या शब्दावर संशय घेणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. सगळ्या राज्याला हे ठाऊक होतं.

माझी चौकटीवरची खूण लाल पेन्सिलीची, तुझी निळी, सुताराच्या पेन्सिलीची. दर वर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. मला वाटायचं एक दिवस प्रोचास्का येतील आणि लाल खुणेवर हात ठेवतील. मग मी गणितात दोनदा नापास झालो आणि धान्याच्या कोठारावर कामाला लागलो, कारण मला ट्रक घ्यायचा होता. कुणी घालवलं नाही मला. शाळा नाही तर टीम नाही, हे कळायला मला पहिला शनिवार लागला. मी कामावरून आलो, तर एकेचाळिसाव्या रांगेच्या तिकिटावर तुझं नाव. म्हणजे नाव कुठे लिहिलेलं असतं, पण बाबांच्या शेजारी गाडीत तू बसला होतास. बाबा म्हणाले, "तुला काम असतं ना आता." बास. त्यानंतर मी किती नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या ते आईला विचार, तिने पत्ते लिहून ठेवलेत. वायोमिंग, डकोटा, परत घरी, परत डकोटा. लोकांना वाटतं मला फिरायची हौस आहे. मला शनिवारी त्या घरात बसवत नव्हतं.

पुढच्या वर्षांत निळी खूण लाल खुणेच्या वर गेली. चार बोटं. मी मापून बघितलं होतं, घरी कुणी नसताना.

आता हे वाच आणि मग हवं तर फाड. तू विल्बर्नच्या टीममध्ये गेलास त्या दिवसापासून मी त्यांच्या हरण्याची वाट बघतोय. मी, ज्याने सात वर्षांचा असताना एका मॅचसाठी दोन दिवस जेवण सोडलं होतं. ते हरले की मला इथे पोटात गार वाटायचं. वाटायचं, बघा, क्ले आहे ना तुमच्याकडे, काय झालं मग. तू आठवडाभर समोरच्या टीमचं सोंग घेऊन सरावात मार खातोस, शनिवारी कोरडा शर्ट घालून बाकावर बसतोस, हे आईकडून ऐकलं की मी तिला वाईट वाटल्यासारखं बोलायचो आणि रात्री छान झोपायचो. ऑक्टोबरात तो तुमचा फळीतला मोठा पगारवाला पाय धरून बाहेर गेला आणि तुला आत घेतलं. अकरा चाली खेळलास. मी ट्रकमध्ये रेडिओ लावून बसलो होतो. तो बोलणारा म्हणाला, "सदुसष्ट नंबर, कुबिक, ब्लू क्रीकचा पोरगा, काय ढकललंय बघा त्याने." कुबिक. मी लहानपणी तोंडापुढे मूठ धरून, बोलणाऱ्याचा आवाज काढून हेच म्हणायचो, अगदी हेच, गोठ्यामागे. त्याने ते म्हटलं आणि ते तुझं होतं. मी रेडिओ बंद केला. ती मॅच आपण जिंकलो हे मला हॉलिसकडून कळलं. "अरे कुबिक, तुझा कुणी लागतो का तो?" म्हणाला. मी म्हटलं, नाही.

हे तरी मी कधी लिहिलं नसतं. पण टीम भाड्याच्या पोरांनी बुडवली म्हणालास, आणि वर इकडे येतोस म्हणालास, म्हणून आता एका डिसेंबरची गोष्ट सांगणं भाग आहे.

तुझं शाळेचं शेवटचं वर्ष. मी डकोटातून परत आलो होतो, कामाविना. तुझी कुस्ती होती शेजारच्या गावात, आई-बाबा तुझ्याबरोबर गेले होते. बर्फ पडून गेला होता. मागचं दार वाजलं आणि प्रोचास्का आत आले, बूट झाडत. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. मी कॉफी ठेवली. आईने जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, भाजून ठेवले होते, त्यांनी दोन खाल्ले. मग उठून चौकटीपाशी गेले. त्यांचा हात लाल खुणेवरून वर गेला, थांबलाच नाही रे तिच्यावर, आणि निळीवर थांबला. "हा क्ले?" मी म्हटलं, हो. "अजून वाढेल हा. पोरगा चांगला आहे. मला तो स्कॉलरशिपवर हवाय, सगळा खर्च कॉलेजचा. तो काय म्हणतो?"

मी म्हटलं, त्याचा खांदा निखळलाय, गठ्ठे फेकताना. आणि त्याचं मनही नाही, वेल्डिंग शिकायचं म्हणतो.

मी आधी ठरवलं नव्हतं. हात लाल खुणेवर एक क्षण थांबला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तू भाऊ त्याचा. तुला नाही तर कुणाला माहीत असणार." खिशातून एक कार्ड अर्धं बाहेर काढलं होतं, ते परत आत ढकललं, कॉफीबद्दल आभार मानले आणि गेले. मी दुसरा कप धुऊन, पुसून फडताळात ठेवला. आईने विचारलं कोलाचे कुणी खाल्ले, मी म्हटलं, मी. सबंध जानेवारी तू दर रविवारी केस विंचरून स्वयंपाकघरात बसायचास. रस्त्यावर गाडी वाजली की उठायचास आणि पाणी प्यायला उठल्यासारखं करायचास. मी समोर बसून पेपर वाचायचो. फेब्रुवारीत तू विंचरायचं सोडलंस. मग तू स्वतःच्या पैशाने गेलास, उन्हाळाभर बाबांच्या मित्राची डुकरं राखून, आणि तिथल्या पहिल्या सरावाच्या आधीच प्रोचास्कांना घरी बसवलं होतं नव्या कोचने. नवीन माणूस स्वयंपाकघरात जात नाही, पडद्यावर बघून पोरं विकत घेतो. तुझी स्कॉलरशिप ॲरिझोनाच्या एका पोराला गेली. तो एक हंगाम खेळला आणि जास्त पैसे मिळाले तिकडे निघून गेला. फळीत त्याच्या जागी अजून भोक आहे.

तर हॉलिसचंही खरं आणि बेनिशियोचंही खरं. पण एका घरातलं मागचं दार मी बंद केलं, हे मला माहीत आहे. तशी अजून किती घरं असतील कोण जाणे, दुसऱ्या कुणी बंद केलेली.

इकडे येऊ नकोस. मला तू इथे नको आहेस, आणि या वेळी ते जळून म्हणत नाही, किंवा थोडं जळूनच म्हणतो, ते पूर्ण जायचं नाही. प्रोचास्का अजून त्याच घरात राहतात, चर्चच्या मागे. फोन न करता मागच्या दाराने जा आणि हे पत्र त्यांना दाखव, तुझा खांदा निखळला नव्हता हे त्यांना कळू दे. फीचे पैसे कुठून आले म्हणून आई विचारेल. तिला सांग, ट्रक विकला. कामावर जायला हॉलिस मला त्याच्या गाडीत घेतो. आता मला इथून कुठे पळताही येणार नाही. पुढच्या हंगामात मी रेडिओ लावीन. बंद करणार नाही असं वचन देत नाही, पण लावीन. आणि तू मला माफ केलंस का, ते लगेच लिहू नकोस. आधी जाऊन फी भर.

तुझाच, चौकटीवरची खालची खूण,
ऑरिन

ता. क. बँकेचा चेक पाकिटात आहे, तुझ्या नावाचा. ट्रकचे चार हजार नऊशे आणि बाकी माझ्या पगारातले. मिळून सहा हजार एकशे ऐंशी डॉलर.