नापास होण्याचा अभ्यास

११ जुलै १९५४
आज ठरले: आयुष्यात प्रथमच नापास व्हायचे.

पलीकडच्या गावची भुराबाई आपल्या धाकट्या मुलासाठी मला पाहायला येणार. आमच्यात मुलगी कपबशीआडून पाहत नाहीत. भाताच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत तिला बांधीत, चिखल केलेल्या शेतात, उतरवतात आणि होणारी सासू शेजारी वाकून पाहते: हात कसा चालतो, ओळ कशी येते, कंबर किती टिकते. बाबांना स्थळ पसंत. तलावाखालची जमीन, पाण्याची चिंता नाही.

मला नागपूरच्या कॉलेजात जायचे आहे. प्रवेश महिनाअखेर बंद. पण हे बाबांसमोर बोलण्याइतका आवाज माझ्यापाशी नाही. शाळेतही माझी हुशारी कागदावरच. तेव्हा परे, म्हणजे भाताची रोपे, वाकडे लावणे, हाच उपाय.

१२ जुलै
मागच्या बांधीत वाकड्या ओळींचा सराव. माय म्हणाली, "काऊन वं, साप गेला का इथून?"
प्रगती समाधानकारक.

१४ जुलै
परीक्षा झाली. भुराबाई दणकट, काष्टा घट्ट, हसणे बांधीच्या चारही धुऱ्यांना, बांधांना, ऐकू जाईल असे. पहिली ओळ मी मनाजोगी बिघडवली. दुसरी त्याहून. मग मागे वळून पाहिले आणि मला ते पाहवेना. मॅट्रिकला शाळेत पहिली, भूमितीतही पहिली आलेली मी! हात आपोआप मागे गेले. उपटले, पुन्हा लावले. अगदी सरळ.

भुराबाईने सारे पाहिले. मायला म्हणाली, "पोट्टीचा हात मंद आहे. पण चुकलेलं तिच्या डोळ्याले खुपते. मले अशीच पायजे."

पास. तेही विशेष प्रावीण्यासह. रोवणा आटोपला की साक्षगंध, असे बाबांनी जाहीरही केले.

१५ जुलै
हसावे की रडावे? दोन्ही केले. आधी हसले.

१७ जुलै
रोवण्याला माणसे कमी पडली म्हणून भुराबाई हात लावायला आली. आमची माणसे मग त्यांच्याकडे जातील. पुन्हा माझ्याच शेजारी. आज एक शोध लागला: वाकून काम करताना कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे बोलणे पुष्कळ सोपे जाते.

"मावशी, मले नागपूरले शिकाले जायचं आहे. लगन नाही करायचं आता."
तिचा हात थांबला नाही. "मंग त्या दिशी वाकडं लावून राहिली होती, ते मुद्दाम?"
"हो."
"आन सरळ कायले केलं?"
"पाहवलं नाही."

ती अशी हसली की सगळ्या बाया ताठ उभ्या राहून आमच्याकडे पाहू लागल्या. नंतर हळू आवाजात, "पोरगी पाहणं माहं काम. नाही म्हणणं तुयं. बापाले तूच सांग."
"भेव लागते."
"मले सांगतलंस ना? जीभ तर आहे वं तुले."

१८ जुलै
बाबा बाजाराला. (सुटले.)

१९ जुलै
बाबा घरीच. डोके दुखल्याचे सोंग. माझे, बाबांचे नव्हे.

२० जुलै
आज सांगितले. बाबा धुऱ्याचे फुटलेले तोंड चिखलाने बुजवत होते, वाकून. मीही शेजारी वाकले, चिखल देऊ लागले आणि एका दमात सगळे बोलून टाकले.

बाबांनी आणखी एक गोळा मागून थापला. मग प्रश्न सुरू. राहशील कुठं? पोरींच्या वसतिगृहात. खर्च? पहिली आल्याबद्दल शिष्यवृत्ती आहे. तिथं पोरी राहतात का कॉलेजात शिकाले? राहतात. सगळी उत्तरे मला येत होती. हे सारे कुणी विचारील म्हणून किती दिवस तयार होते!

शेवटी, "आन भुराबाईले मी कोणत्या तोंडानं सांगू?"
"सांगतलं मी."
"कोणाले?"
"त्याईलेच. बांधीत."

बाबा चिखलाचा गोळा हातात घेऊन तसेच माझ्याकडे पाहत राहिले. रागावले म्हणावे तर मिशी हलत होती.

संध्याकाळी मायने विचारले, साक्षगंधाला कुणाकुणाला बोलवायचे. बाबा म्हणाले, "थांब जरा." बस, एवढेच. किती थांबायचे, ते नाही सांगितले.

मायने मात्र जेवताना मला तुपाची धार जास्त वाढली.