अक्कांनी भरलेली बाटली

धुळे, गुरुवार, मार्च १९९१

कारखान्याच्या नाल्याकाठच्या शेतावर आज मातीचा नमुना घ्यायला गेलो. तिथल्या विहिरीचा अहवाल मागेच पाठवला आहे. पाणी पिण्यास योग्य, खाली सही माझी.

त्या वेळी उन्हाचा कंटाळा केला. निंबाखाली चहा पीत बसलो आणि विहिरीच्या नमुन्याची बाटली भरून आणायला शेतमालकीण अक्कांच्या हाती दिली. का दिली?

आज त्या सहज म्हणाल्या, "बाटलीमा हापशीनं चांगलं पानी भरेल व्हतं, भाऊ. सायबले खराब कसं देऊ?"

म्हणजे ती बाटली विहिरीची नव्हतीच!

"तुम्ही चांगलं लिखं ना, आते आम्ही बठ्ठा विहिरनंच पेतस," म्हणत त्यांनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. अहवाल चुकलाय, घरात कुणीच पिऊ नका, एवढंच सांगायचं होतं.

घोट कडू लागला.

"गोड आहे," म्हणालो.