गेटजवळील एका स्कूटरची जागा परत करण्याबाबत

प्रति,
माननीय वाहतूक अभियंता,
वाहनतळ व पदपथ विभाग, नगर कार्यालय.

विषय: गेटजवळ एका स्कूटरपुरती दिलेली सवलत रद्द करून तेथे पिवळा पट्टा मारण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे स्वतःचेच यापूर्वीचे सात अर्ज.

महोदय,

१. आमच्या इमारतीच्या गेटालगतची रस्त्याची कडा आपण दोन वर्षांपूर्वी वाहने लावण्यास मनाई करून पिवळी रंगवायला घेतली. अर्जदार हा घड्याळे दुरुस्त करणारा, हट्टी इसम आहे. बायकोचे गुडघे दुखतात, तेव्हा तिची स्कूटर गेटला लागूनच राहावी, यासाठी त्याने आपल्या कार्यालयाचा उंबरठा झिजवला. पाहणीच्या वेळी आपण म्हणाला होतात, "काका, मोठी गाडी आत वळणार नाही." त्यावर "साहेब, मोठी गाडी रोज येते कुठे?" असे विचारून अर्जदार स्वतःच हसला. अखेर आपण कंटाळून तेवढी जागा सोडून पट्टा मारलात. बायकोनेही सांगितले होते, "अहो, चार पावलं चालले म्हणून झिजणार आहे का मी?" तिचेही त्याने ऐकले नाही.

२. गेल्या महिन्याच्या सहा तारखेस सकाळी तिच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका लगेच आली, पण गेटातून वळेना. आमचे दार आवाराच्या पार मागे, त्यामुळे गाडी आत घेण्यावाचून इलाज नव्हता. स्कूटरचे हँडल लॉक होते. चोवीस वर्षे अर्जदार स्कूटरवर तिच्या मागेच बसला. किल्ली ती कुठे ठेवते हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. शेवटी त्याने व चालकाने स्कूटर फरफटत बाजूला केली. यात अकरा मिनिटे गेली. मिनिटांच्या बाबतीत अर्जदाराची चूक होत नाही. बायको रुग्णालयाच्या वाटेतच गेली. अकरा मिनिटे आधी पोचलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य त्याला अद्याप झालेले नाही.

३. शेजाऱ्यांनी तिच्या आठवणीखातर स्कूटर पुसून, उचलून पुन्हा त्याच जागी लावली आहे. ती हलवा, असे सांगायला अर्जदाराची जीभ रेटत नाही, कारण मग का, तेही सांगावे लागेल. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत.

४. आपले लिपिक म्हणतात, सवलत बायकोच्या नावे असल्याने रद्द करण्यास तिचीच सही लागेल. ती मिळण्यासारखी असती तर हा अर्ज करावाच लागला नसता.

तरी स्कूटर उचलून न्यावी, राहिलेला पट्टा याच आठवड्यात रंगवावा आणि त्या दिवशी आपले म्हणणे बरोबर होते, अशी फाइलवर नोंद घ्यावी, ही हात जोडून विनंती. अर्जदाराचा यापुढे कोणताही अर्ज येणार नाही.

आपले न ऐकणारा, आपला नम्र,
(सही)
घड्याळवाले काका, तळमजला
दिनांक: ३ मार्च

सोबत:
१. मृत्यूचा दाखला
२. सवलतीचे मूळ पत्र
३. स्कूटरची किल्ली (तिच्या पर्समध्ये, वरच्याच कप्प्यात होती)