आत्याच्या भाकरीतली कणीक

काळाचौकी, मुंबई

ती. आईस,
शेफालीचा लांबूनच नमस्कार.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. पण परळला आत्याकडे आता राहत नाही, मैत्रिणीकडे आलेय. रविवारी आत्यानं माझ्या तांदळाच्या भाकरीत मुद्दाम कणीक मिसळली. दुपारभर उलट्या झाल्या. वर म्हणते, "सिलिअ‍ॅक कसला, नाटकं तुझी! चिमूटभरानं काय होतं?"

चिमूटभरानंही होतं! डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, सिलिअ‍ॅकच्या आजारात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आतड्यातल्या राखणदार पेशी त्याला शत्रू समजून खवळतात आणि माझंच आतडं आतून सोलून काढतात.

पंधरा वर्षं माझ्या पोटदुखीला तूही नखरेच म्हणालीस, पण तुला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं.

धाकट्या मनूचं पोट अजून दुखतं ना? जेवली नाही तर तिला ओरडू नकोस. आधी तिचंही रक्त तपासून घे, सख्ख्या बहिणीलाही हे असू शकतं.

तुझी,
शेफाली