मॅन पाचोड

७ जुलै २०२५, सोमवार

चूक माझी. पण सगळी माझी नाही! औरंगपुऱ्यातल्या दुकानांची बिलं आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर चालतात. तो सांभाळणारे अभय सर जेवायला गेलेले. काळ्या स्क्रीनवर दोन अक्षरं टाकून टॅबचं बटण दोनदा दाबलं, की त्या अक्षरांच्या सगळ्या कमांड दिसतात. त्यात एक दिसली — 'पाचोड'. माझं गाव! हसू आलं. एंटर दाबलं.

सर्व्हर बंद. दुकानदारांचे फोनवर फोन. अभय सर सगळ्यांसमोर ओरडले — "ओ ग्रॅज्युएट! कुठलंबी बटण दाबायला ही काय लिफ्ट हाय?"

९ जुलै

प्रत्येक कमांडचं मॅन्युअल असतं. 'मॅन' लिहायचं, पुढे कमांडचं नाव, की पान उघडतं. 'मॅन पाचोड' लिहिलं. पानच नाही! सरांनी बनवलेल्या एकाही कमांडला पान नाही. पिशोर म्हणजे बॅकअप. पाचोड म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू. सरांना विचारलं, गावांची नावं का? "मनाला आलं, ठेवलं."

खोटं. कुणाला कळू नये म्हणून! माहिती दडवणारा माणूस मला चोर वाटतो. आमच्या घरी माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते दादांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलंय — फॉर्म कधी निघतात, हेच त्यांना कुणी सांगितलं नाही.

१० जुलै

आईचा फोन. "सुलेखा, कायम करणार हायेत का नाय?" महिनाअखेर मालक, नानासाहेब, ठरवणार. म्हटलं — करतील.

१९ जुलै

सर काही सांगत नाहीत. न सांगू देत. त्यांच्या फाइली उघडून ओळ न् ओळ वाचते आणि मराठीत पानं लिहिते. टॅबही जोडलं! 'मॅन' लिहून 'पि'पर्यंत आलं, टॅब दाबलं, की 'पिशोर' आपोआप पुरं होतं. नावच माहीत नसेल तर टॅब दोनदा — ऑफिसच्या सगळ्या पानांची नावं समोर. पहिल्यांदा चाललं तेव्हा एकटीच टाळ्या वाजवल्या.

सर म्हणाले, "बाई, टॅब झिजंल ते."

२४ जुलै

चहाच्या टपरीवर सरांनी गाठलं. "सगळं लिहून टाकलं तर उद्या आपल्याला कोण विचारंल?"

"लपवून कुणी मोठं होत नाही, सर."

"लई भाषण देती गं तू."

वर येऊन त्यांनी माझी पानं पुसली! पुसली!! माझ्याकडे कॉपी होती. परत टाकली. आणि सरळ नानासाहेबांना नेऊन दाखवली.

२९ जुलै

सर रजेवर, सर्व्हर अडकला. नानासाहेब स्वतः बसले. 'मॅन', टॅब, टॅब. पान वाचलं. 'पाचोड' चालवलं. सुरू!

"आयला! मलाबी जमतंय की!"

संध्याकाळी फोनवर सरांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

३१ जुलै

नानासाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माझी पाठ थोपटली. "पोरी, लई मोठं काम केलंस. आता हे काम आमच्या घरचं कुणीबी सांभाळंल."

उद्यापासून अभय सरांनी यायचं नाही. मीही.