तिला कुठे ठेवलंय

चंदनसार, विरार
सोमवार, ११ ऑगस्ट २००३

प्रिय रोझलिन,

काल तुझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याचं जेवण न जेवताच पळाले, तुझी आई नक्की रागावली असेल. बाळ फार गोड आहे, माझ्या वतीने पापी घे.

आठ वर्षं आपण माणिकपूरच्या त्या खोलीत छळलेल्या मुलांचं ऐकून घेतोय, कोर्टात त्यांच्याशेजारी उभ्या राहतोय. या कामाने मला खोड लावली. कुणी पोराला खाऊ दिला, तरी मी आधी देणाऱ्याचे हात बघते. निमिष म्हणतो, आता नवऱ्याचीही उलटतपासणी होते. होतेच! त्यात कळंबची आपली अकरा वर्षांची पोर. ज्या मामाविरुद्ध तिला साक्ष द्यायची, तोच एका सोमवारी चिकू घेऊन तिच्या वसतिगृहाच्या फाटकाशी हजर. जागा बदलली, तर पुन्हा सोमवारी तिथेही तोच. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली.

वसतिगृहाबाहेर पत्ता तिघांनाच ठाऊक होता: तू, मी आणि रिक्षावाला काळूराम. तुझा संशय मनालाही शिवला नाही. काळूरामला मात्र मी सगळ्यांदेखत कामावरून काढलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, वाटेत तिला पानी मीच पाजलं. मी कसा सांगंन?" माझा विश्वास बसला नाही. पोरीला मी तिसऱ्यांदा हलवलं, सिस्टरांच्या वसतिगृहात.

आणि काल तुमच्या चर्चमध्ये मिस्साच्या सुरुवातीला फादरांनी लोकांनी दिलेले प्रार्थनेचे हेतू मोठ्याने वाचले. त्यात होतं, सिस्टरांच्या वसतिगृहात आलेल्या कळंबच्या मुलीला साक्षीचं बळ मिळावं, रोझलिनकडून. पुढच्या बाकावरच्या पोरीच्या मामीने वळून तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून बसली होतीस. क्षणभर वाटलं, ही त्यांना सामील आहे. लाज वाटते, पण वाटलं खरं. मग उमगलं. दर खेपेला तू रविवारी तिच्यासाठी हेतू दिलास आणि देवाबरोबर अख्ख्या गावाला पत्ता कळवलास. अगं वेडे, देवाला पत्ता लागतो का?

तिथूनच धावत जाऊन मी तिला हलवलं. कुठे, ते तुला सांगणार नाही. समोर येऊन विचारलंस तर माझ्याच्याने लपवणं होणार नाही, म्हणून हे पत्र. काळूरामच्या घरी उद्या माफी मागायला जातेय. निघताना पोरीने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि विचारलं, रोझलिनबाई कोर्टात येतील ना? मी हो म्हटलंय. गुरुवारी अकराला कोर्टाच्या पायरीवर उभी राहा. तोवर तिच्यासाठी प्रार्थना जरूर कर, पण मनातल्या मनात.

रागावलेली, तरी तुझीच,
मेघना